जागचा न हलणारा मोबाइल

तंजावूरच्या राजवाड्यामागं मी एसटीडी बूथ सांभाळायचो. समोर लग्नाच्या जेवणांची कंत्राटं घेणारे एक आचारी राहत. त्यांच्या मराठीला तमिळ हेल, तरी कानावर पडली की घरचं वाटायचं. गल्लीतला पहिला मोबाइल त्यांनीच घेतला आणि मला घाम फुटला. शाळा अर्धवट सोडून साताऱ्याहून इतक्या लांब आलेलो. खिशाखिशांत फोन आले तर बूथवर कोण येणार?

पण त्यांच्या खिशात फोन टिकेना. एकदा वाकताना तो सांबाराच्या हंड्यात पडता पडता वाचला. तेव्हापासून कामावर निघताना ते तो माझ्या काउंटरवर ठेवत आणि वर पितळी झाकणी घालत. तो वाजला की झाकणी थरथरायची.

"तंबी, कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"अण्णा कामावर गेलेत."

"अय्यो, तसं नको. मोठ्या लग्नांत आहेत, म्हण. आपलीं सगळींच लग्नं मोठीं."

शेवटी मालकानं बूथ बंद करायचं ठरवलं. तेव्हा अण्णा ओल्या हातांनीच आले.

"कर बंद. ह्याला मी नेतों," ते मालकाला म्हणाले. "ह्याचं तमिळ इतकं वाईट, गिऱ्हाइकाला घासाघीसच करतां येत नाही. असा माणूस मला कोठें मिळेल?"

आता मी त्यांच्या ओसरीवर फोन घेऊन बसतो. तमिळ बरं येऊ लागलंय. फोनवर मात्र ते मी कळू देत नाही.