मामा पडले, त्याची बातमी

आता बातम्या व्हायरल होतात. मी नेरहून यवतमाळच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो तेव्हा त्या पडायच्या. बातमीपुरतं मराठीत क्रियापदच एक होतं. दरोडा पडायचा, धाड पडायची, कापसाचे भाव पडायचे. सोसायटीत फूट पडायची, वादावर पडदा पडायचा, लग्न थाटात पार पडायचं. कोणी निवडून आलं की त्याच्या गळ्यात विजयाची माळ पडायची, आणि हरला की तो स्वतःच पडायचा. एकेका आठवड्यात मी इतकं पाडायचो, की नेर तालुक्यात काही उभं कसं राहिलं याचं मलाच नवल वाटतं.

माझे मोठे मामा ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. दोन्ही बातम्या मीच दिल्या. घरचा माणूस म्हणून 'दणकून' हा शब्द गाळला. तिसऱ्यांदा अर्ज भरला तेव्हा मामींनी अट घातली, "या खेपेले पडले तं मिशी काढून टाका. पोस्टरवर शोभते, घरात नाही." मामांची मिशी अशी, की मागून येणाऱ्या सायकलवाल्यालाही तिची दोन्ही टोकं दिसत.

मतदानाच्या आदल्या दुपारी, कोणत्या आळीत कोण फिरतंय ते बघायला मामा अंगणातल्या कापसाने भरलेल्या बैलगाडीवर चढले. तोल गेला. खाली कापसाचाच ढीग होता, त्यामुळे लागलं काही नाही. पण त्या दिवशी तालुक्यात दुसरं काहीच पडलं नव्हतं. मी इमानदारीने लिहिलं: 'कापसाच्या गाडीवरून उमेदवार पडले. सुदैवाने इजा नाही. गावकरी चिंतेत पडले.' पाकीट यष्टीच्या कंडक्टरजवळ दिलं.

यवतमाळला ऐनवेळी बियाण्याची जाहिरात आली आणि माझ्या बातमीची जागा आखडली. मतदानाच्या सकाळी पेपरात एवढंच होतं: 'उमेदवार पडले. गावकरी चिंतेत पडले.' वर गावाचं नाव, वार्ड नंबर आणि मामांचा मिशीसकट फोटो.

मी पोचलो तेव्हा मामींनी ओट्यावर वस्तरा, वाटी आणि आरसा मांडून ठेवला होता.

"अवो, मतदान व्हायचं हाय अजून," मामा म्हणत होते.

"पेपरात आलं न."

मामा माझ्याकडे वळले. "काहून बे भाच्या, मतदानाच्या आधीच पाडलं मले?"

"मामा, तुम्ही पडलेच होते न."

"गाडीवरून पडलो बे."

"गाडी जाहिरातीत गेली."

तिकडे पानठेल्यावर समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी पेपर वाचला, एकमेकांना गुलाल लावला, आणि निकाल तर लागला म्हणून सगळे बायकापोरांसकट कापूस वेचायला निघून गेले. आमच्या बाजूने मात्र कधी मत न देणारेही केंद्रावर आले. "तो तं पडलाच हाय बिचारा," एक म्हातारा रांगेत म्हणाला, "एक मत टाकून देऊ. कोणाचं काय जाते?" समोरच्याला त्याच्या सख्ख्या सासऱ्याचंही मत पडलं नाही. सासरे कापसाच्या पराटीत होते, कमरेला ओटी बांधून.

मामा निवडून आले.

हरलेला उमेदवार पेपर घेऊन माझ्याकडे आला. "खोटी बातमी छापून राह्यला तू." मी त्याला मामांच्या अंगणात नेलं, गाडी दाखवली, पडल्याची जागा दाखवली, पाहिलेले दोन साक्षीदार उभे केले. बातमीतलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. तरी तो खुलाशावर अडून बसला. दैनिकाने छापला: 'सदर उमेदवार पडले होते, परंतु पडले नाहीत.' त्याखालीच माझी निकालाची बातमी होती.

ती मी मामींना मोठ्याने वाचून दाखवली: "अखेर त्यांच्याच गळ्यात विजयाची माळ पडली."

मामींनी चष्मा लावून ओळ स्वतः तपासली. "म्हणजे पडलंच न काहीतरी," त्या म्हणाल्या, आणि वाटीत पाणी आणायला आत गेल्या.

मामांनी मिशीवर हात ठेवला.