उनाची मूठ

उना मॅकफेलचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला ती सॅमन मासे साफ करायच्या शेडमध्ये बर्फात हात घालून उभी असायची. मी तिथे पेट्या उचलायचो. काम करताना तिने मान वर केलेली मला आठवत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती खाडीच्या तोंडावरच्या पुलाखाली. ओहोटीला खाडीचं पाणी खडकावरून समुद्रात कोसळतं आणि एक लाट जागच्या जागी उभी राहते. त्या लाटेवर कयाक, म्हणजे एकट्याची अरुंद होडी, टेकवून प्रवाहाविरुद्ध वल्हवत बसायचं. एकाने बसायचं, बाकीच्यांनी कडेच्या संथ पाण्यात नंबर लावायचा.

त्या वर्षी तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं. पुढे वल्हं धरता येईल की नाही, डॉक्टर सांगेना. लाट नीट उभी राहते ती मोठ्या उधाणालाच, आणि त्याआधी तसं उधाण एकच, ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारचं. तिला लाटेवर एकदा बसायचं होतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक हिवाळी वेळेत छापतात. उन्हाळाभर आमच्याकडे घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून आम्ही त्यात एक तास मिळवतो. त्या पहाटे उन्हाळी वेळ संपली, घड्याळं पुन्हा तासभर मागे गेली. उनाने घड्याळ मागे केलं आणि सवयीने कोष्टकात तासही मिळवला.

आम्ही तासभर उशिरा पोचलो तेव्हा लोक कयाक बाहेर काढत होते.

“काय गं, जेवण उरकून आलीस?” ड्युगल म्हणाला. तिथला सगळ्यात जुना वल्हवणारा तो.

“तास मिळवला.”

“आज? कशाला?”

ती कयाक पाण्याकडे ओढू लागली.

“लाट आता ढासळतेय, उना. पुढच्या उधाणाला ये.”

“तेव्हा हाताला पट्टी असेल.”

ड्युगल पुन्हा कयाकमध्ये बसला आणि ती उलटलीच तर धरायला लाटेच्या खालच्या बाजूला जाऊन थांबला.

उना तिरकी शिरली. वल्हं खांद्याने नाही, कंबरेतून ओढत होती. लाटेवर बसली. मग उजवा हात वल्ह्यावरून निसटला. मूठ मात्र आवळलेलीच, हवेत. दोनदा तिने तशीच रिकामी मूठ ओढली. पाण्याच्या पुढच्या दणक्याला डाव्या हातातलंही वल्हं गेलं आणि कयाक उलटली.

ड्युगलने तिला ओढत काठाला आणलं. मी चहा ओतला. कप तिला दोन्ही तळव्यांत धरावा लागला.

“बसले होते ना रे, हेक्टर?”

“बसली होतीस.”

“मला काही जाणवलं नाही.”

पगारातून ती नव्या कयाकसाठी पैसे बाजूला टाकत होती. ऑपरेशननंतरची रजा बिनपगारी होती. ते पैसे हिवाळाभर घरभाड्याला आणि कोळशाला गेले.