टँकरवाल्यांची वहिनी

पालघरपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत पिणाऱ्या माणसाकडून खरं वदवून घेणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे माझी थोरली वहिनी. देवापुढे बेधडक खोटी शपथ घेणारे लोक मी पाहिलेत. वहिनींपुढे तेच लोक न विचारता लग्नाआधीच्या भानगडीसुद्धा सांगून मोकळे होतात. बोईसरच्या कारखान्यांतून रसायनं नेणारा एखादा ड्रायव्हर गेटवरच्या श्वास तपासणाऱ्या मशीनमध्ये फुंकर मारताना प्यायलेला सापडला, की कंपनी त्याला गाडीवरून उतरवून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या वहिनींकडे धाडते. त्याचं पिणं कुठवर गेलंय, त्याला कोणते उपचार हवेत आणि स्टिअरिंग परत हातात द्यायचं की नाही, हे त्या ठरवतात.

हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलंय, की घिवली गावात आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देतानाही त्या नकळत नाक पुढे करतात. आमच्याकडे आलेल्या माझ्या सासऱ्यांनी एकदा खोकल्याचं औषध घेतलं, तर बाटलीवरचं लेबल वाचून वहिनींनी त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. ‘थोडीच घेतो’ हे वाक्य त्यांना मुळीच चालत नाही. टेबलावर कटिंगच्या ग्लासापासून पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळी भांडी मांडून ठेवतात आणि म्हणतात, “थोडी म्हणजे यातली कोणती? बोटानं दाखवा.” एका उत्तर प्रदेशच्या ड्रायव्हरनं बराच विचार करून तांब्याकडे बोट दाखवलं आणि वर “मॅडम, सिर्फ त्योहार में” अशी पुस्ती जोडली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भैया, आपके यहाँ हफ्ते में कितने त्योहार आते हैं?”

मी ज्या वाहतूक कंपनीत गाड्या सोडायचं काम पाहतो, तिथला दांडी गावचा एक ड्रायव्हर असाच त्यांच्यासमोर येऊन बसला. कोळ्याचा मुलगा, बोटीवर वाढलेला. अवजड टँकर लोण्यातून सुरी फिरावी तसा वळवायचा. “बाय, मी दारू नाय पिलो. ताडी पिलो. ताडी तं झाडाची हाय!”

“मशीनला झाड कळत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्याची गाडी बंद झाली.

मालकानं मला घरी शब्द टाकायला सांगितलं. जेवताना मी विषय काढला. वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. “भाऊजी, त्याचा टँकर कुंभवलीच्या शाळेसमोरून जातो ना? जेवा.”

मी जेवलो.

मग त्याची बायको घरी आली. “बाय, तुमी त्याच्या गाडीच्या कागदावर सही करा. दिवसभर घरात बसून तो आमाला खातो.” वहिनींनी तिला चहा दिला आणि तो सकाळी कसा उठतो, एवढंच विचारलं. बाई रडायलाच लागली. “हात कापतात त्याचे. कप धरवत नाय. मीच पयली त्याला ओतून देते.”

वहिनींचा चेहरा बदलला. अशा माणसानं घरच्या घरी एकदम सोडली तर जिवावर बेततं, हे त्यांनी तिला समजावलं आणि तशाच पायात चपला सरकवून दांडीला निघाल्या. त्याला रिक्षात घालून पालघरच्या दवाखान्यात दाखल केलं. वाटभर तो त्यांना शिव्या घालत होता आणि वहिनी त्याला पेपरमिंटच्या गोळ्या देत होत्या. पुढे उपचार चालू असताना मासळी घ्यायच्या निमित्तानं त्यांच्या दांडीला फेऱ्या सुरू झाल्या. आमच्या घरी इतकी मासळी साठली, की मांजरंही तोंड फिरवू लागली.

पुन्हा तपासणीला आला तेव्हा तो अंगानं उतरला होता, पण हात स्थिर होते. वहिनींनी विचारलं, “आता आठवण येत नाही ना?”

तो म्हणाला, “येते, बाय. रोज येते.”

वहिनींनी सही केली. यापुढेही न कळवता तपासणी होत राहील, अशी तंबी मात्र दिली. नंतर मला म्हणाल्या, “येत नाही म्हणाला असता, तर परत पाठवला असता.”

परवा बोईसरच्या बाजारात तो आम्हाला समोरून येताना दिसला. अंगात नवा शर्ट, खांद्यावर मुलगी, शेजारी बायको. वहिनींना पाहताच दोघांनी झटकन मान वळवली आणि ते भांड्यांच्या दुकानाकडे वळले. मी रागानं हाक मारणार, तोच वहिनींनी माझं कोपर धरलं.

“जाऊ द्या, भाऊजी. सुधारलेला माणूस मला ओळख दाखवत नाही. दाखवली तर मी कोण, हे पोरीला काय म्हणून सांगेल बिचारा?”

मग हातातली पिशवी त्यांनी उगीचच या हातातून त्या हातात घेतली. पण निघाल्या नाहीत. ती मुलगी बापाच्या खांद्यावरून मागे वळून आमच्याकडे बघत होती, आणि ती दुकानात दिसेनाशी होईपर्यंत वहिनी तिच्याकडे बघून हसत राहिल्या.