झालरीचा हातभर तुकडा

आमच्या घराच्या वळचणीला सागाची कोरीव झालर आहे. समोर खाडी, त्यामुळे ऊन आणि खारा वारा खाऊन ती दर दोन वर्षांनी तडकते. तिची डागडुजी हे अब्बांच्या सुट्टीतलं काम. अब्बा कुवेतला होते. आले की पहिले दोन दिवस गाठीभेटी, तिसऱ्या दिवशी लुंगी खोचून शिडीवर. जुना थर खरवडायचा, भेगांत लांबी भरायची आणि वरून होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडायचं. वास असा, की पंधरा दिवस घरात पाहुणा टिकायचा नाही. अम्मी नाकाला पदर लावून कुरकुरायची. आम्हा भावंडांना मात्र तो वास म्हणजेच अब्बा वाटायचा. अजूनही बंदरावर तो आला की माझा पाय निघत नाही.

शेवटचा हातभर तुकडा अब्बा तसाच सोडायचे. परदेशी जाणाऱ्याने घरातलं एखादं काम अर्धवट ठेवावं, म्हणजे ते पुरं करायला तो परत येतो, असं आमच्याकडच्या बायका मानतात. कोणी कुंपण ठेवतो, कोणी विहिरीचा कठडा. अब्बा कायमचे आले त्या वर्षी त्यांनी तो तुकडा पुरा केला आणि अम्मीने अख्ख्या मोहल्ल्यात शेवया वाटल्या.

अब्बा गेल्यावर झालर माझ्याकडे आली. मी मस्कतला. हे असलं मी काही मानत नाही, पण अम्मीसाठी म्हणून तुकडा सोडत आलो.

या मे महिन्यात आलो तर अम्मी दारात इतकी वाळलेली दिसली, की तोंडातून निघून गेलं, ‘आता परत जायचं नाही.’ खरं तर दोन वर्षांच्या नव्या करारावर सही करूनच आलो होतो. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत आठवडा घालवला. भित्रा कुठला!

बोर्लीच्या बाजारातून लांबी आणली, कोळीवाड्यातून तेल. सगळी झालर खरवडून, भेगा भरून झाल्या. लांबी वाळल्यावर तेल लावायला चढलो, तर अम्मी ओट्यावर खुर्ची टाकून बसली.

‘यंदा पुरी कर हां,’ ती म्हणाली. मला कमी, पलीकडच्या ओट्यावरच्या शेजारणीला जास्त.

दुपारी त्या तुकड्यापाशी आलो. नुसता ब्रश फिरवायचा होता. मानत नाहीस ना, मग फिरव की. पण हात पुढे जाईना.

‘तेल संपलं, अम्मी.’

ती उठली. शिडीच्या खालच्या पायरीवरचा डबा तिने हलवून पाहिला. आत तेल चांगलं डुचमळलं.

‘करार किती वर्सांचा हाय?’ तिने विचारलं.

‘दोन.’

‘मग ऱ्हाऊ दे तो तुकडा,’ ती म्हणाली आणि मी उतरेपर्यंत दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.