शिंपल्यातला गाळ

नवा दगड हाती आला की दगडकाका आधी तो चाटायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा. ओला झाल्याशिवाय दगड पोटातलं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. "घरात मीठ संपलंय का?" काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या.

माझे हे सख्खे काका चिंचवडला एका खाजगी प्रयोगशाळेत होते. सिमेंट कारखान्यांसाठी चुनखडी तपासायचं काम. आपल्याकडे जिकडेतिकडे काळा पाषाण, त्यामुळे चुनखडी दक्षिणेतून पोत्यांतून यायची. काका तिचा काप काचेवर चिकटवून इतका घासत, की त्याच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून मला बोलावत. "बघ, इथे समुद्र होता. पोवळ्यांचा बांध होता." मला आपली रव्याची खीर दिसायची.

दगडातल्या कणांमध्ये गाळ असेल तर पाणी शांत, बांधाच्या आतलं. गाळ धुऊन जाऊन मध्ये स्वच्छ स्फटिक असतील, तर तिथे लाटा आपटत होत्या. हाच हिशेब ते माणसांनाही लावत. घरात भांडण जुंपलं की म्हणत, "आपटू दे रे, गाळ तरी बसत नाही." काळजी त्यांना शांत माणसांची वाटे. मी शांत म्हणून नावाजलेला होतो आणि मला त्याचा अभिमानही होता.

निगडीला प्राधिकरणाचे नुसते प्लॉट आखलेले होते, तेव्हाची गोष्ट. बी.कॉम.ला दोनदा आपटलेल्या मला काकांनीच त्यांच्याकडे टंकलेखक म्हणून चिकटवलं. हंगामी. त्याच सुमारास त्यांचा अहवाल पुरा झाला. बांधाचा गाभा कुठल्या टेकडीत, मागचा गाळाचा भाग कुठे, म्हणजे शुद्ध चुनखडी नेमकी कुठे खणायची, सगळं त्यात होतं. कित्येक वर्षांचं घासणं. पहिल्या पानावर त्यांचं नाव येणार होतं, आयुष्यात पहिल्यांदा. काकूंनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पहिलं पान पुन्हा टाइप करा. नाव माझं टाका. आणि हो, तुम्हाला कायम करायचं पत्र सहीला आलंय."

मी टाइप केलं. एकही चूक न करता, जे मला एरवी कधी जमलं नव्हतं. आतले दगडांचे फोटोही मीच चिकटवले.

बांधून आलेला अहवाल काकांनी माझ्यासमोर उघडला. पहिलं पान वाचलं. तळाशी टंकलेखकाची आद्याक्षरं असतात, तीही वाचली. मग पानं उलटत एका फोटोवर थांबले. दगडातला शिंपला, अर्धा गाळाने भरलेला, अर्धा स्फटिकाने. गाळ तळाशीच बसतो, म्हणून कोट्यवधी वर्षांनीही त्यावरून वरची बाजू कुठली ते कळतं.

"उलटा चिकटवलास," ते म्हणाले.

"काका, मी..."

"मागे बाण काढला होता मी. बघायचास तरी."

अहवालासाठी रिकामा केलेला तो कप्पा काकूंनी पापडाच्या डब्यांना दिला.

मी कायम झालो. काका दिवाळीला यायचे, माझ्या मुलांना खाऊ आणायचे, माझ्याशी पाणीकपातीवर बोलायचे. पण परक्या पाहुण्यांसमोर दगड चाटणारा हा माणूस, मी खोलीत आलो की हातातला दगड खिशात टाकायचा. अगदी वारेपर्यंत.