आर्य असल्याचा माझा लेख

नातवाला इंटरनेटने बिघडवले, असे माझा मुलगा म्हणतो. सुनेच्या मते अल ऐनच्या वसतिगृहातल्या मित्रांनी. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तर दुबईच्या करामा भागातल्या घराघरांत सांगत फिरतात की म्हाताऱ्याचा तोल गेला आणि त्याने भर सभेत नातवाचा पाणउतारा केला. या तिन्ही हकिकती चुकीच्या आहेत. त्याला बिघडवले मी, आणि ते श्रेय मी दुसऱ्या कोणाला घेऊ देणार नाही.

फार वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत मी एक लेख लिहिला होता. आपण मूळचे आर्य, युरोपीयांचे रक्ताचे भाऊ. पुरावा म्हणून आमच्या घराण्यातले घारे डोळे. त्या काळी मी अबू धाबीच्या मुसफ्फा या औद्योगिक भागात इमारतींचे नकाशे काढत असे. नकाशा माझा, सही गोऱ्या साहेबाची. त्या अपमानाविरुद्ध भांडण्याऐवजी मी साहेबाशी नाते लावले. लेखाचे फार कौतुक झाले.

यंदा मंडळाने तरुणांना भाषणासाठी बोलावले. वीस वर्षांच्या नातवाने विषय निवडला तो आर्य वारशाचा. आदल्या दिवशी, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी, त्याने मसुदा माझ्यापुढे ठेवला. अर्धा माझा लेख होता. उरलेला अर्धा तो रोज वाचत असलेल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ऑनलाइन गटातला: काही वंश जन्मतःच हीन, मिसळणे म्हणजे नाश, बाहेरून आलेले लोक गोऱ्यांना संपवणार.

मी त्याला मुळापासून सांगू लागलो. आर्य हा शब्द युरोपातल्या पंडितांनी भाषांच्या नात्यासाठी उचलला; पुढे इतरांनी तो रक्ताला चिकटवला. गुलामांचा बाजार आणि वसाहती चालवणाऱ्यांना आपले वागणे हा निसर्गाचाच नियम आहे असे दाखवायचे होते. म्हणून कवट्या मोजल्या गेल्या आणि माणसांच्या पायऱ्या लावल्या गेल्या. त्यात आपली पायरी कोणती, हे तू त्या गटातल्यांना विचारलेस का?

"आय आस्क्ड," तो म्हणाला. "त्यांनी फोटो मागितला."

"मग?"

"हसले. पण त्यांना काही माहीत नाही, आजोबा. तुमचा लेख ट्रान्सलेट करून टाकला की कळेल."

हसणाऱ्यांच्या दारात तो माझे शिफारसपत्र घेऊन उभा होता. लेख खोटा आहे, मी म्हणालो. पुरावा काहीच नव्हता. त्याला ते पटले नाही.

"यू आर जस्ट स्केअर्ड. बाबांसारखे. पोस्टमुळे व्हिसा जाईल म्हणून."

मला भित्रा आजवर कोणी म्हटले नव्हते. उद्या मी बोलणारच, असे सांगून तो खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करामाच्या सभागृहात अध्यक्षांनी माझ्या लेखाचा गौरव करत नातवाचे नाव पुकारले. मी उठलो. मी ओरडलो, असे अध्यक्ष सांगतात. त्यांनी माइक सोडला नाही, म्हणून आवाज चढवावा लागला.

"तो लेख मी लिहिला आहे," मी म्हणालो. "त्यात खरे काही नाही, आणि लिहिताना मला ते माहीत होते. मला गोऱ्या साहेबासारखे दिसायचे होते, इतकेच."

पहिल्या रांगेतल्या दोघी बायका हसू दाबत होत्या. मुलगा खाली मान घालून बसला. नातवाचे नाव पुन्हा पुकारले गेले. तो जागचा हलला नाही. पाणउतारा झाला तो माझा, आणि तो मीच केला. अध्यक्षांनी एवढी नोंद घ्यावी.

दुपारी तो अल ऐनला परत निघाला. न विचारता मी गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने मला उतरवले नाही, गाडी सुरू केली. दुबई मागे पडली, दोन्ही बाजूंना वाळू सुरू झाली. माझ्या कोणत्याच शब्दावर आता त्याचा विश्वास उरला नसेल, तर तो पुन्हा त्याच लोकांकडे जाणार, हे मला दिसत होते.

"आणखी काय काय खोटं सांगितलंय तुम्ही?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारले.

विचार, मी म्हटले.

"आत्याचं ते पहिलं स्थळ. पत्रिका जुळली नाही म्हणून नाकारलंत, की तो काळा होता म्हणून?"

"पत्रिका आम्ही मागवलीच नव्हती," मी सांगितले.