एका तारखेला बेचाळीस हजेऱ्या

टिकटिकमावशीच्या मनगटावर घड्याळ कधी कुणी पाहिलं नाही. बाप भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं डोळ्यात धरायचं भिंग तेवढं हिच्या वाट्याला आलं. घड्याळांचे दिवस सरले तशी ही संगणक खोलायला लागली. "पोट उघडल्याशिवाय दुखणं कळत नाही," म्हणायची. तोंडाची फटकळ, पण हात असा हलका, की स्क्रूलासुद्धा कळू नये कोणी फिरवला.

आमच्या शिलाई कारखान्याचं कुलूप उघडायचं काम तिच्या धाकट्या जावेकडं. जावाजावांचं दहा वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. धाकटी उजाडायच्या आत यायची, मेन स्विच वर करायची, हजेरीच्या संगणकावर अंगठा टेकवायची नि झाडू घ्यायची. त्याच संगणकानं तिला एक्केचाळीस दिवस गैरहजर दाखवलं.

"सोमवारपासून येऊ नको," मॅनेजर म्हणाला.

"मग साहेब, रोज कुलूप काय भुतानं उघडलं?"

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

धाकटी नाक मुठीत धरून मावशीच्या दारात गेली. मावशीनं दहा वर्षांचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या नेहमीसारखी ये. मी मागं उभी राहते. मॅनेजरलाही उठव, झोपू दे नंतर."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं स्विच वर केला. संगणक जागा झाला, तिनं अंगठा लावला. मावशीनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "साहेब, तारीख वाचा."

नऊ वर्षांपूर्वीचा एक जानेवारी! मॅनेजर डोळे चोळतोय तोवर दोनेक मिनिटांत तारीख टुणकन उडी मारून आजवर आली. तेवढ्यात पहिला शिंपी आला नि त्याची हजेरी बरोबर लागली.

"रात्री स्विच पडला की हा संगणक झोपतो, तेव्हा पोटातलं बारकं घड्याळ एका सेलवर जागं असतं," मावशी म्हणाली. "उठल्या उठल्या हा त्यालाच विचारतो, किती वाजले? मग पुढं आपले आपण ठोके मोजतो. सेल मेलाय, म्हणून ते घड्याळ पहिल्या दिवसापासून सुरू होतं. इंटरनेट जोडलं गेलं की बाहेर विचारून हा चूक सुधारतो. पण तोवर हिचा अंगठा लागून गेलेला असतो. जो आधी येतो, तोच मरतो."

तिनं ती जुनी तारीख उघडली. एकाखाली एक, धाकटीच्या बेचाळीस हजेऱ्या. सगळ्या बारा वाजून तीन-चार मिनिटांच्या. बेचाळिसावी आजची.

मॅनेजरनं मान खाजवली. "म्हणजे यंत्र खोटं बोललं."

"खोटं कसलं? झोपेत बरळलं." मावशीनं बटणाएवढा सेल काढून नवा बसवला.

"बरं, बाई, सोमवारी वेळेवर या," मॅनेजर धाकटीला अहोजाहो करत म्हणाला.

धाकटीनं झाडू उचलला. "वेळेवर? साहेब, मी येते तेव्हा तुमची वेळ उठलेलीच नसते."

मावशी पहिल्यांदाच जावेच्या बोलण्यावर हसली.